सव्वीस पानांचं बिऱ्हाड

आमच्या नाटक मंडळाचे अध्यक्ष रंगमंचावर मरत होते, तेव्हा त्यांचा फोन वाजला.

मरण अगदी रंगात आलं होतं. छातीत बाण, खांद्यावर महाराजांचा शेला, उशाशी राणी. ही राणी दिवसा पतपेढीत पासबुकं भरते. विंगेत पुस्तक धरून मी, कारण गेली कित्येक वर्षं मी या मंडळाची प्रॉम्प्टर आहे आणि संगणक येतो म्हणून चिटणीसही. महाराजांनी एक डोळा उघडला, नंबर बघितला आणि मरणाच्याच आवाजात म्हणाले, "हॅलो." मग उठून बसले.

"नाही हो बाई, इथे सुरमईची थाळी मिळत नाही. इथे नाटक असतं... खोल्याही नाहीत... समुद्र? नाही, इथून गॅरेज दिसतं."

फोन ठेवून त्यांनी छातीतला बाण उपटला आणि माझ्यावर रोखला.

"चिटणीसबाई, तुमची बहीण!"

राणी तोंडात पदर कोंबून हसत होती. मला हसणं शक्य नव्हतं, कारण त्या आठवड्यातलं महाराजांचं ते तिसरं मरण होतं आणि तिन्ही वेळा माझ्या बहिणीनेच त्यांना जिवंत केलं होतं.

झालं होतं ते असं. मंडळाची वेबसाइट मी बनवली, व्हिडिओ बघत बघत, एका मे महिन्याच्या सुट्टीत. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, त्यामुळे मे महिना तसा हाताशी असतो. नाटकांचे फोटो टाकले, बक्षिसांची यादी टाकली, यादी लवकर संपली आणि पुष्कळ जागा उरली. रिकामी जागा दिसली की आमच्याकडच्या माणसाच्या हाताला चळ लागतो, काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. मी तिथे आक्काला लावली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिली वेळणेश्वरला. मेहुणे बोटीवर होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. घरामागे तिने चार खोल्या बांधल्या, पर्यटकांना देते, स्वतःच्या हाताने रांधून घालते. मी आधी तिच्या खोल्यांचं एक पान लिहिलं. मग हात थांबेना. वेळणेश्वरला यायचं कसं, देवळात गर्दी कधी नसते, समुद्रात कुठवर जावं आणि कुठे अजिबात जाऊ नये, कुठल्या महिन्यात ताटात काय असतं, जयगडहून तवसाळला जाणारी फेरीबोट कधी सुटते. अशी सव्वीस पानं झाली. आणि सर्चला ती पानं अशी काही आवडली की विचारू नका. वेळणेश्वरला घरगुती सोय शोधा, आक्का पहिली. फेरीबोटीची वेळ शोधा, आक्का पहिली. आमच्या नाटकाचं नाव शोधा, तर आम्ही कुठेच नाही.

तिच्या पानांवर मधोमध तिचाच नंबर होता. पण सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, मंडळाचा म्हणून अध्यक्षांचा नंबर होता आणि माणसं खालचाच नंबर लावत.

त्या रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष शेला न घालताही महाराजांसारखेच बोलले. "रंगभूमीच्या पत्त्यावर खाणावळ चालणार नाही. ताईंनी आपलं बिऱ्हाड स्वतःच्या पत्त्यावर हलवावं. जुन्या दारातून येणाऱ्यांना नव्या दाराकडे पाठवायला मंडळ एक वर्ष मुभा देईल." मग सगळ्यांकडे बघून, "यापेक्षा उदार राजा शोधून दाखवा."

मी आक्काला फोन लावला.

"घर तेच, खोल्या त्याच, मी तीच," ती म्हणाली. "मग हलवायचं काय गो?"

"पत्ता."

"आणि जुन्या पत्त्यावर माणसं आली तर?"

"त्यांना आपोआप नव्यावर पाठवायचं. त्यांना कळतसुद्धा नाही."

"आणि तुझा तो सर्च?"

"त्यालाही सांगायचं, की ही बाई इथून कायमची गेली."

"कायमची गेली काय मेल्ये! स्थलांतर केलंन म्हण!"

हसून झाल्यावर ती म्हणाली, "हे बघ, दिवाळीच्या सुट्टीला धक्का लागता नये."

तो धक्का का लागता नये ते मला माहीत होतं. गेल्या पावसाळ्यात ती मागच्या पायरीवरून घसरली. हाड वाचलं, पण तिचा मुलगा, माझा भाचा, डोंबिवलीहून धावत आला आणि त्याने ठरवून टाकलं. या दिवाळीला खोल्या भरल्या तर ठीक, एखादी बाई मदतीला ठेवू. नाही भरल्या तर हा पसारा आवरून तू आमच्याकडे यायचंस. त्याचं चुकत होतं असंही नाही. रिकाम्या खोल्या झाडत एकट्या बाईने निसरड्यावर कशाला हिंडायचं?

"डोंबिवलीत मी करू काय?" आक्का मला म्हणाली होती. "सातव्या मजल्यावर बसून वाट कोणाची बघू, लिफ्टची?"

म्हणजे तिचं पुढचं आयुष्य दिवाळीवर, दिवाळी सर्चमधल्या पहिल्या नंबरावर आणि पहिला नंबर माझ्या हातात. माझा हात कसला, तो तर गणपतीतल्या मोदकाच्या कळ्यासुद्धा धड पाडत नाही.

मी वाचायला घेतलं. शाळेत मधल्या सुट्टीत, घरी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. नियम कठीण नव्हते. जुन्या पत्त्यावरून पाठवणी करायची ती तात्पुरती नव्हे, कायमची म्हणून करायची. जुनं दार लगेच बंद करायचं नाही. पत्ता बदलतोय त्याच दमात मजकूर बदलायचा नाही. पत्ता बदलल्याचं सर्चला कळवायची एक सोयही असते, पण ती सगळं घरच उठलं तर. आमच्याकडे मालक तिथेच आणि पोटभाडेकरू निघालेली, त्यामुळे एकेका पानाची पाठवणी हाताने करायची. आणि प्रत्येक जुन्या पानावरून त्याच विषयाच्या नव्या पानावर जायचं, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं. मला ते वाक्य उद्धट वाटलं.

आता हे समजायला आक्काच्या घरचा दंडक माहीत हवा. तिच्याकडे पाहुणा आला, मग तो सगासोयरा असो की खोली घेतलेला, त्याने आधी पुढून ओटीवर यायचं. बसायचं, गूळ-पाणी घ्यायचं, कुठले, कोणाचे, वाटेत त्रास झाला का, या चौकशीला तोंड द्यायचं. मग किल्ली. एकदा पुण्याचे एक गृहस्थ गाडी मागे लावून बॅगेसकट थेट खोलीत शिरले होते. आक्काने त्यांना बाहेर काढून, माडांना वळसा घालून, पुढून आत आणलं. गृहस्थ रागावले होते. दुसऱ्या वर्षी सासूला घेऊन आले आणि सासूलाही पुढूनच आणलं.

नव्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर मी ती ओटीच उभी केली. तांब्या, गुळाची वाटी, मागे माडांचं हिरवं आगर, आणि मोठ्या अक्षरात 'या, बसा, पाणी घ्या'. आक्काला फोनवर फोटो पाठवला. तिचा आवाजच बदलला.

"अगो, ही तर आपलीच ओटी! आता असं कर, सगळ्यांना आधी इथेच आण. मग ज्याला जिथे जायचं तिथे जाईल. परस्पर कोणी आत घुसायचं नाही."

"फेरीबोट विचारणाऱ्यालाही?"

"तो काय उपाशी आलाय? त्यालाही पाणी दे."

मला ते इतकं पटलं, इतकं सुंदर वाटलं, की मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात एक फेरी मारून आले. शिवाय घाई होती. गौरी-गणपती पोचवून झाले होते आणि पितृपक्ष तोंडावर होता. पितृपक्षात नव्या जागेत बिऱ्हाड न्यायचं नाही, मग ती जागा इंटरनेटवरची का असेना, हे आक्काने निक्षून सांगितलं होतं. एकेक पान जुळवत बसायला वेळ होता कुठे? मी एकच ओळ लिहिली. सव्वीसच्या सव्वीस जुनी पानं, चला ओटीवर. त्यातली सात पानं फारच जुनाट वाटली म्हणून नव्या जागेत आणलीच नाहीत. बिऱ्हाड हलवताना आपण फुटके डबे टाकतो ना, तसं.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आक्का नव्या पत्त्यावर राहायला गेली. तिने तिकडे दिवा लावला, मी इकडे बटण दाबलं.

पहिला आठवडा छान गेला. अध्यक्ष निर्वेध मरत होते. मग एका सकाळी फेरीबोट शोधली तर आक्का चौथी. दुपारी नववी. दोन दिवसांनी ती दुसऱ्या पानावर गेली. सर्चच्या दुसऱ्या पानावर काय असतं हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. तिथे कोणी जात नाही. पुढच्या आठवड्यात ती तिथूनही उठली.

मला बसवेना. शाळेत दाखल्यांवर शिक्का मारायचा, एक शोध घ्यायचा. भाजी टाकायची, शोध घ्यायचा. नवरा म्हणाला, "अगं, दर पाच मिनिटांनी झाकण उघडलंस तर भात शिजेल कसा?" मी खरंच भाताचं झाकण उघडून बघितलं. कुठेसं वाचलं की आपला फोन आपल्याला खूश ठेवायला आपलीच पानं वर दाखवतो, म्हणून मी दुसऱ्यांचे फोन मागायला लागले. शिपायाचा, शेजारणीचा, रिक्षावाल्याचा. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे घ्यायला गेले तर कोळणीला म्हटलं, "जरा वेळणेश्वर शोध बघू."

ती हातातल्या बांगड्यासकट माझ्याकडे बघत राहिली. "इथे वेळणेश्वर नाय, बाय. इथे बांगडा हाय."

"फोनमध्ये गो!"

तिने ओल्या अंगठ्याने शोधलं. दहा नावं आली. हॉटेलं, रिसॉर्टं, कोणीतरी पुण्यात बसून लिहिलेली माहिती. आक्का नाही. "तुमचा मानूस हरवला काय?" तिने खरोखरीच्या काळजीने विचारलं. आणि दोन बांगडे जास्त घालून दिलेन.

आक्काचा फोन त्याच संध्याकाळी आला. "काय गो, माझा फोन बंद पडला काय? तू लावलास की वाजतो, एरवी गप्प."

"पितृपक्ष आहे ना, माणसं ठरवत नाहीत काही."

"मुंबईची माणसं कधीपासून पितृपक्ष पाळायला लागली?"

मी काहीतरी पुटपुटले. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना वाक्यं पुरवत आले, त्या दिवशी मला पुरवायला कोणी नव्हतं.

चूक पकडली ती आमच्या खलनायकाने. आमच्या प्रत्येक नाटकात खलनायक एकच असतो. हे दादा आयुष्यभर पोस्टमन होते, निवृत्त झाले, पण चाल तीच, भराभरा. तालमीच्या चहाला त्यांनी माझा चेहरा बघून विचारलं आणि मी भडाभडा सगळं सांगितलं. ओटी, गूळ-पाणी, सव्वीस पानं, एक ओळ. ते बशी खाली ठेवून असे हसले की राणी घाबरून आली.

"बाय, तू काय केलंस कळतंय काय तुला? सव्वीस घरांची पत्रं एकाच पडवीत टाकून आलीस!"

"पण पडवी तर तिचीच आहे."

"असूं दे. मी अख्ख्या वाडीचं टपाल खोताच्या ओटीवर टाकून घरी गेलो असतो तर? म्हाताऱ्याची मनीऑर्डर कुठे, पोराचा निकाल कुठे? वाडीवाल्यांनी मला माडाला बांधला असतानी. ज्याचं पत्र त्याच्या हातात! फेरीची वेळ विचारणारा धक्क्यावर उभा असतो, बाय. बोट सुटत असते. त्याला तू गूळ देतेस?"

चहा माझ्या हातात निवला. ते उद्धट वाक्य मला शब्दशः आठवलं. सर्चने काय केलं असेल तेही लख्ख दिसलं. त्याच्याकडे माणूस फेरीची वेळ मागतो, तो त्याला आक्काच्या दारात पाठवतो, दारात तांब्या. माणूस पाठ फिरवतो. असं दहा वेळा झालं की सर्च म्हणतो, या बाईला फेरीतलं काही कळेनासं झालंय. आणि ज्या सात पानांना मी फुटके डबे समजले, त्यांच्यावर विसंबून कोणीकोणी आपापल्या लेखात आमचा पत्ता दिला होता. ती माणसंही ओटीवरच.

"पण आता पितृपक्ष," मी म्हटलं.

"चुकीच्या घरी पडलेलं पत्र मी अमावास्येलाही उचलून योग्य घरी दिलंय," दादा म्हणाले. "पितरं काही बोलली नाहीत."

दुरुस्ती घरी बसून करता आली असती. पण आक्काला तोंडाने सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी जयगडला गेले. फेरीबोटीत एकजण बायकोला विचारत होता, परतीची शेवटची फेरी कधी, आणि फोनवर अंगठा चालवत होता. मी मान लांब करून त्याच्या पडद्यात डोकावले. त्याला कुठल्यातरी रिसॉर्टची जाहिरात आली होती. माझ्याच्याने राहवेना, मी वेळ सांगितली. बायकोने मला थँक्यू म्हटलं आणि त्याला "बघ, माणसाला विचारावं" असं ऐकवलं.

आक्का मागच्या अंगणात केळीची पानं पुसत होती. मी उभ्यानेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पान बाजूला ठेवलं.

"म्हणजे माझ्या ओटीने घात केला."

"ओटीने नाही. मी वाचलं होतं, तरी केलं."

"मी सांगितलं म्हणून केलंस ना? मग माझंही नाव घे. सगळं श्रेय एकटी कशाला लाटतेस?" ती चिडली होती, पण कोणावर ते तिचं ठरत नव्हतं. "पोराचा फोन आला होता काल. विचारत होता, किती खोल्या गेल्या. मी म्हटलं, बघू. शून्य म्हणायला जीभ वळेना."

मग ती हात पुसत आत गेली आणि चष्मा घेऊन आली. "चल. फेरी विचारणाऱ्याला फेरी सांगू. गूळ-पाणी माणूस खरा दारात आला की."

दुपारभर आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो. मी जुन्या पानाचं नाव वाचायचं, तिने सांगायचं ते कुठे राहायला जाणार. टाकलेली सात पानं मी जशीच्या तशी परत आणली. त्यातलं एक होतं, समुद्रात कुठे जाऊ नये ते.

"हे टाकलंस?" आक्का माझ्याकडे बघून म्हणाली. "हे?"

मी मान खाली घातली. ते पान तिने मला फोनवर शब्द शब्द सांगून लिहून घेतलं होतं, एका पाहुण्याचा मुलगा थोडक्यात वाचला त्या आठवड्यात.

संध्याकाळपर्यंत सव्वीस जुन्या पानांना सव्वीस नवी घरं मिळाली. मी प्रत्येक जुना पत्ता दाबून बघितला, आक्काने प्रत्येक वेळी मान हलवली. ओटीचं पान तसंच राहिलं, पण तिथे तेच येणार होते ज्यांना ओटीवर यायचं होतं.

यानंतर करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच मला जमत नाही. घट बसले. आक्का कुठेच नव्हती. सातव्या माळेला फेरीबोट तेराव्या नंबरावर सापडली आणि मी शाळेत हेडबाईंना मिठी मारली. दसऱ्याला आठवी. आक्काला रोजचा आकडा सांगत होते, तर एक दिवस ती म्हणाली, "मला नंबर नको सांगूस. तो चुलीत घालून भात शिजत नाही. माणूस आला की सांग." तो शुक्रवार होता. सोमवारी तिनेच फोन केला, "नाशिकचे, दोन खोल्या. फेरीचं वाचून आले म्हणतात." मग गप्प आठवडा. मग तिसरी खोली. चौथीचं काही होईना.

भाचा धनत्रयोदशीच्या सकाळी आला. मीही आदल्या दिवसापासून आक्काकडे होते, मदतीला म्हणून, खरं तर घरी पाय ठरेना म्हणून. तो हसतमुख होता, पण बॅग रिकामी आणली होती. आईचं सामान न्यायला आणली होती, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्याने मागे जाऊन खोल्या बघितल्या. तिसऱ्या खोलीतल्या बाईने त्याला घरचा नोकर समजून गरम पाणी मागितलं. त्याने नेऊन दिलं.

"एक रिकामी आहे," परत येऊन तो म्हणाला.

"आहे," आक्का म्हणाली. ती चकल्या पाडत होती.

"मी भरल्या तर म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस."

मला बोलायचं होतं. तेरा, आठ, पाच, काल चौथी, सगळे आकडे जिभेवर होते. मी ते गिळले. तेवढ्यात आक्काचा फोन वाजला. तिचे हात पिठात, माझे तेलात. भाच्याने उचलला.

"हो, वेळणेश्वर... दिवाळीत? एक आहे शिल्लक. नाही, तुम्हाला मे महिन्यात हवी?... थांबा हं." त्याने फोनवर हात ठेवला. कढईत चकल्यांचे बुडबुडे मंदावले, मी त्या उलटल्या.

"आई, मे महिन्यात चार माणसं विचारतायत. तू असशील ना?"

"मी नाही तर रांधणार कोण, तू?"

त्याने फोन पुन्हा कानाला लावला. "असेल, आई असेल. किती दिवस राहणार?" आणि शेल्फवरची वही ओढून, पेन्सिलीसाठी माझ्याकडे हात पुढे केला.